कुणाला सांगू नका

“वाचून घ्या सिस्टर, मग सही करा,” चौगुले भाऊसाहेब म्हणाले आणि त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

मी वाचलं. ‘तमाम ग्रामस्थांस या सूचनेद्वारे कळविण्यात येते की, मौजे खोरवडी येथील सार्वजनिक नळपाणीपुरवठा योजनेच्या पाण्याचा नमुना जैविकदृष्ट्या अयोग्य आढळून आल्याने सदर पाणी योग्य त्या प्रक्रियेनंतरच प्राशन करण्याची दक्षता घेण्यात यावी.’

“भाऊसाहेब, यात ‘उकळून’ हा शब्द कुठंय?”

“‘योग्य त्या प्रक्रियेनंतर’ आहे की.”

“ते कुणाला कळणार?”

“न कळायला काय झालं? मराठीत आहे.” भाऊसाहेब म्हणजे आमचे ग्रामसेवक. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. “आणि ‘उकळून’ लिहिलं, की उद्या एक जण येणार आणि विचारणार, गॅस पंचायत देणार का? वीस वर्षं नोकरी केलीय मी, सिस्टर. स्पष्ट लिहिलं की माणूस अडकतो.”

मी सही केली. आठ वर्षांपूर्वीचा मंगळवार होता तो. मी तेव्हा खोरवडीच्या उपकेंद्रात आरोग्यसेविका होते. नाव रजनी घोलप, पण साडेचार हजार वस्तीच्या त्या गावात मला नावानं कुणी ओळखत नव्हतं. मी सिस्टर.

माळी गल्लीत तीन पोरांचे डोळे पिवळे झाले होते. पाण्याची पाइप तिथं गटारातूनच गेलेली. मी पाण्याचा नमुना पाठवला होता आणि त्या दिवशी सकाळी अहवाल हातात पडला होता. पाणी पिण्यालायक नाही. काविळीची साथ म्हटली की मोठी माणसं आणि पोरं बहुतेक उठतात. पण या पाण्यातून येणारी कावीळ गरोदर बाईला झाली तर ती बाई हातची जाऊ शकते. गावात अकरा गरोदर बायका होत्या. मला एवढंच करायचं होतं. दोन वाक्यं गावातल्या प्रत्येक घरात पोचवायची होती. पाणी उकळून प्या. गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी माझ्याकडे आणा.

दोनच वाक्यं.

भाऊसाहेबांनी सूचना फलकावर लावली. दुपारी बघते तर फलकावर कुठल्याशा भावी आमदारांच्या पुतण्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधलेला. गॉगल घातलेल्या पुतण्याच्या कानाशेजारून आमच्या सूचनेचं एकच टोक दिसत होतं. ‘तमाम ग्रामस्थांस’.

संध्याकाळी मी मारुतीच्या देवळात गेले. बापू गुरव रोज आरतीनंतर भोंग्यावरून गावाला काय सांगायचं ते सांगत असे. मी त्याला दोन्ही वाक्यं लिहून दिली.

“आज तीन निवेदनं हायती,” बापू म्हणाला. “शनिवारचा महाप्रसाद, ईश्वरा पाटलाचं रेडकू हरवलंय ते, आन् तुमचं. वाचतो सगळं एका दमात.”

खरंच त्यानं एका दमात वाचलं. मधेमधे भोंगा खरखरत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गोदाक्का काठी टेकत उपकेंद्रात आल्या.

“सिस्टर, ईश्वराचं रेडकू उकाळल्यालं पानी पिऊन मेलं म्हनं?”

“कोण म्हणतंय?”

“भोंग्यावर सांगितलं की काल. मी सुनंला सांगितलं, उकळू नगंस बाई. जनावर ऱ्हात न्हाई तितं मानसाचं काय?”

मी त्यांना समजावलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, “मग रेडकू कशानं मेलं?”

रेडकू मेलंच नव्हतं. ते ओढ्याकाठी चरत होतं आणि बुधवारी दुपारी आपल्या पायांनी घरी आलं. पण गावाला ते कळायला पुढचे तीन दिवस गेले.

त्याच बुधवारी मी फोन हातात घेतला. खोरवडीत व्हॉट्सअ‍ॅपचे पाच ग्रुप होते. गावात दोन पार्ट्या, दोन तरुण मंडळं आणि एक भजनी मंडळ, म्हणून पाच. मी तीन ग्रुपांत होते, उरलेल्या दोहोंत आमची आशा कार्यकर्ती वंदना होती. आम्ही मजकूर टाकला, ‘पाणी वीस मिनिटे उकळून प्यावे. गरोदर मातांनी विशेष काळजी घ्यावी, डोळे पिवळे दिसल्यास लगेच उपकेंद्रात यावे.’

सत्तेचाळीस अंगठे आले. बारा जणांनी हात जोडले. दोघांनी ‘खूप छान विचार’ असं लिहिलं. एका पार्टीच्या ग्रुपवर लिहून आलं, पाणी खराब आहे म्हणणं हा विरोधकांचा डाव आहे. दुसऱ्या पार्टीच्या ग्रुपवर आलं, पाणी खराब आहे हे सत्ताधाऱ्यांचं पाप आहे. दोघांची रात्रीपर्यंत जुंपली. त्या भांडणात उकळायचं कुणी काही बोललं नाही.

गुरुवारी सकाळी माझ्या बहिणीचा पुण्याहून मेसेज आला. ‘रजू, हे खरं आहे का गं? तुमच्याच भागातलं दिसतंय.’ खाली लिहिलं होतं, ‘परदेशी शास्त्रज्ञांचा मोठा खुलासा! पाण्यात हळद, तुरटी व तांब्याचे नाणे टाकून वीस मिनिटे ठेवावे. गरोदर मातांनी पाणी पिऊ नये. पुढे दहा जणांना पाठवा.’

माझंच वाक्य होतं. पुण्याला जाऊन नटूनथटून परत आलं होतं.

मी अकराही घरं पायी फिरले. माळी गल्लीतल्या एका पोरीनं सकाळपासून खरोखरच पाणी प्यायलं नव्हतं, मोबाइलवर आलंय म्हणून. तिला समोर बसवून दोन तांबे प्यायला लावले. बाकी घरांत मला खाली चटई टाकली, चहा दिला. अकरापैकी एका घरात पाणी उकळत होतं. मला बरं वाटलं. मग कळलं, ते आंघोळीचं होतं.

“उकळलं की पान्यातली ताकद जाती, सिस्टर,” एक सासूबाई म्हणाल्या. “तुमी शिकल्याल्या, तुमास्नी चालतं. आमची उनातान्हातली मानसं.”

तालुक्याहून ध्वनिक्षेपकाची रिक्षा आली तीही गुरुवारीच. सूचना नीट होती, शब्द सोपे होते. पण रिक्षा तीच, आवाजही तोच, जो सहा महिन्यांपूर्वी जिल्हा परिषदेच्या निवडणुकीला होता. लोक दारात आले, चिन्ह कुठलं ते बघायला लागले आणि चिन्ह नाही म्हटल्यावर आत गेले.

संध्याकाळी उपकेंद्राच्या पायरीवर मी आणि वंदना बसलो होतो. वंदना गावचीच सून, सातवी शिकलेली. माझ्यापेक्षा तिला गाव जास्त कळत असे.

“सिस्टर, चुकतंय कुठं सांगू का?” ती म्हणाली. “तुमी जे सांगताय ते सगळ्यास्नी सांगायचंय. म्हणून कुणी कुणाला सांगत नाही.”

“म्हणजे?”

“माझ्या नणंदेचं जमलेलं लग्न मोडलं तेव्हा आमी ना फलक लावला ना भोंगा. सासूबाईंनी गिरणीवर एकदाच म्हटलं, कुणाला सांगू नका. तासाभरात माझ्या माहेरी समजलं. माहेर दोन डोंगरांपलीकडं आहे.”

मी हसले. मग हसायची थांबले.

शुक्रवारी सकाळी अकरा वाजता मी ज्वारीचा डबा घेऊन शेवंतामावशीच्या पिठाच्या गिरणीवर गेले. मावशी साठीच्या. नवरा गेल्यापासून गिरणी एकट्या चालवत होत्या. पिठानं भुवया पांढऱ्या झालेल्या. पट्ट्याच्या आवाजात बोलायची सवय असल्यामुळे त्यांची कुजबूजसुद्धा चौकापर्यंत जायची. चार बायका दळणाला थांबल्या होत्या.

“या सिस्टर. आज तुमी स्वतः?”

“आले, म्हटलं तुमच्याशी दोन घटका बोलावं.” मी त्यांच्या जवळ सरकले. “मावशी, एक मनाला लागून राहिलंय. पण नको. माझी नोकरी जाईल.”

मावशींनी गिरणी बंद केली. एवढ्या वर्षांत दळण चालू असताना गिरणी बंद झालेली मी पहिल्यांदा बघितली. बायकाही डबे घेऊन जवळ सरकल्या.

“माझ्या पोटातलं भायेर जातंय व्हय?” मावशी म्हणाल्या.

“जयवंतरावांच्या घरात आठ दिवस झाले, नळाचं पाणी कुणी तोंडात घालत नाही,” मी हळूच म्हणाले. “उकळून पितात. गावाला मात्र कळू द्यायचं नाही असं ठरलंय. तुम्हाला म्हणून सांगितलं. कुणाला सांगू नका.”

जयवंतराव म्हणजे आमच्या सरपंच मीनाक्षीताईंचे यजमान. कागदावरची सही ताईंची, बाकी सगळं जयवंतरावांचं. मी सांगितलं ते धादांत खोटं होतं. त्यांच्या घरात मी वर्षभरात पाऊल टाकलं नव्हतं. पण गावातल्या पाच ग्रुपांना आणि दोन पार्ट्यांना एकाच वेळी झोंबेल असं मला दुसरं काही सुचलं नव्हतं.

“आपन मरावं आन् त्येंनी जगावं व्हय?” मावशी म्हणाल्या. माझी ज्वारी त्यांनी न दळताच परत दिली. “उद्या या. आज गिरनी बंद.”

साडेअकराला मी उपकेंद्रात पोचले तेव्हा माझ्या आधी ती बातमी तिथं पोचली होती. इंजेक्शनला आलेल्या बाईनं मला बाजूला घेतलं आणि म्हणाली, “सिस्टर, कुणाला सांगू नका, पण सरपंचाच्या घरात...” दुपारी एकपर्यंत ते उकळलेलं पाणी गाळलेलंही झालं होतं. दोनला त्यात औषध पडलं. तीन वाजता ते औषध मुंबईहून आलं होतं. पण या सगळ्या प्रवासात ‘उकळून’ हा शब्द कुणी गाळला नाही. चारच्या सुमाराला मी रस्त्यावर आले. घराघरातून धूर निघत होता. चुली भरदुपारी पेटल्या होत्या. गोदाक्का दारात बसून मोठ्या पातेल्यावर लक्ष ठेवत होत्या.

“त्येंच्या घरचं रेडकू बी उकळून पितंय म्हनं,” त्या मला म्हणाल्या.

पाच वाजता जयवंतरावांची मोटारसायकल उपकेंद्रासमोर थांबली. मी माझी बदलीची तयारी मनात करून ठेवली होती. त्यांनी दार ओढून घेतलं आणि खुर्चीत बसले. घामाघूम झाले होते.

“सिस्टर, खरं सांगा. कुणी सांगितलं तुमाला?”

“काय कुणी सांगितलं?”

“आमच्यात पाण्याचे जार येतात ते. मेव्हण्याच्या टेम्पोतून येतात, वर ताडपत्री असती. घरच्या गड्यालासुद्धा म्हाईत नाही. कुणी बघितलं?”

मी खुर्ची पुढं ओढली.

“कधीपासून येतात?” मी विचारलं.

“धा दिवस. म्हणजे...” ते अडखळले. “पंचायतीनं पण एक नमुना पाठवला होता. तुमच्या आधी. त्याचा निकाल आला तसा मी चौगुल्यांना म्हटलं, पाइप बदलायचं बघू, तोवर बोंब नको. गावात घबराट उडाली तर लोक काय करतील?”

“उकळून पितील,” मी म्हणाले.

ते उठले. दारातून परत वळले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “मी आलो होतो हे कुणाला सांगू नका.”

नंतरच्या पंधरवड्यात गावात काविळीचे नवीन रुग्ण सहा झाले, पुढं थांबले. अकराच्या अकरा बायका सुखरूप राहिल्या. पाइप बदलली. इथवर मी ही हकिकत पुष्कळ ठिकाणी सांगितली आहे आणि लोक पुष्कळ हसले आहेत. यापुढचं मी फारसं सांगत नाही.

गिरणीवर गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, वंदनाचा फोन आला. “सिस्टर, ओढ्यापलीकडच्या वीटभट्टीवर या. एक बाई लई बेजार आहे.”

भट्टी उपकेंद्रापासून चालत सात मिनिटांवर होती. मराठवाड्यातली दहाबारा कुटुंबं दिवाळीनंतर तिथं कामाला यायची आणि पावसाच्या तोंडावर जायची. पाणी त्यांचंही आमच्याच पाइपचं, शेवटच्या नळावरचं. झोपडीत विशीतली बाई पडली होती. आठवा महिना भरत आलेला. डोळे हळदीसारखे. बोललेलं तिला नीट समजत नव्हतं.

“कधीपासून असं?” मी तिच्या नवऱ्याला विचारलं.

“पाच-सा दिस झाले. मुकादमानं गंडा बांधला.”

“अरे, आम्ही गावभर सांगत होतो. भोंग्यावरून सांगितलं, रिक्षा फिरवली...”

“रिक्षा आली व्हती की वर सडकेला,” तो म्हणाला. “पर आमचं मत हितं न्हाई. म्हनून आमी कान देत न्हाई.”

मोबाइलवरचे पाच ग्रुप गावचे होते. गिरणीचं गुपित बायकांनी आपापल्या जावांना, विहिणींना, शेजारणींना सांगितलं होतं. भट्टीवरच्या बाईला कोण सांगणार? तिच्याशी गावात कुणाचं बोलणंच नव्हतं. आणि मी? मी अकरा घरं पायी फिरले होते. भट्टीवरची माणसं बाहेरगावची, ती माझ्या यादीत येत नव्हती. म्हणून बारावं घर मी मोजलंच नव्हतं.

अ‍ॅम्ब्युलन्समधून मी तिच्याबरोबर जिल्ह्याच्या दवाखान्यात गेले. तिसऱ्या दिवशी मूल मेलेलं जन्मलं. बाई नऊ दिवस बेशुद्धीत काढून शुद्धीवर आली. तिचं नाव शिवकन्या.

महिनाअखेरीला तालुक्याला माझा सत्कार झाला. ‘विविध माध्यमांचा प्रभावी वापर करून शंभर टक्के जनजागृती’ केल्याबद्दल. जयवंतरावांनी भाषण केलं. खोरवडीनं सर्व माध्यमं कशी वापरली ते त्यांनी सांगितलं. फलक, भोंगा, मोबाइल, रिक्षा. तालुक्याच्या आरोग्य अधिकारीसाहेबांनी मला विचारलं, “यातलं सगळ्यात प्रभावी माध्यम कुठलं वाटलं?” मी म्हणाले, “पिठाची गिरणी.” सभागृह हसलं. शंभर टक्क्यांबद्दल मी काही बोलले नाही. शाल आणि नारळ घेतला आणि तशीच एसटीनं जिल्ह्याला गेले.

शिवकन्या खाटेवर उशीला टेकून बसली होती. सुकून गेली होती, पण डोळे निवळले होते.

“देवाला गेला व्हता का, ताई?” पिशवीतला नारळ बघून तिनं विचारलं.

“नाही गं. असाच मिळाला.”

तिनं पिशवी बाजूला सरकवली. मग म्हणाली, “तुमचा फोन लागंल का आमच्या तिकडं? ह्यांचा त्या दिशी गाडीत पडला. शेजारच्या खाटंवर आमच्या भागातली बाई आली. ती म्हनती, तुमच्या गावात तुजं सुतक झालं.”

“तुझं?”

“लेकरू गेलं ते ह्यांनी मुकादमाला सांगितलं. मुकादमानं दुसऱ्या भट्टीवर सांगितलं. वाटंत कुठंतरी लेकरू गेलं त्याची बाई गेली झाली. माज्या मायला सांगा ना, म्या हाय म्हनून.”

तिला आईच्या शेजारच्यांचा नंबर पाठ होता. बालाघाटाच्या डोंगरातलं कुठलंसं खेडं. बऱ्याच वेळानं एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला.

“मी दवाखान्यातून सिस्टर बोलते,” मी म्हणाले. “तुमची शिवकन्या बरी आहे.”

मी तेच पुन्हा, जरा मोठ्यानं सांगितलं.

“ऐकताय ना?”

“बाई, कशापायी थट्टा करता गरिबाची?” म्हातारी म्हणाली. “माजी लेक गेली. तिकडंच माती दिली.”

“अहो नाही, माझ्यासमोर बसलीय.”

“मुकादमाचा निरोप आला. सासरच्या गावाहून मानूस आला. वरच्या वस्तीच्या पोरानं मोबाइलात फोटू दावला, फुलं लावल्याला. बाजारात दोघी माज्या गळ्यात पडून रडल्या. पाच जन म्हनत्यात गेली. तुमी एकल्याच म्हनता हाय. म्या कुनाचं खरं धरू?”

लोकांना सांगायची माझी नोकरी होती. मी फोन शिवकन्याच्या हातात दिला.

“माय, म्या बोलतेय.”

“कोन?”

“म्या. शिवकन्या.”

“आवाज तर तसाच काढलाय,” म्हातारीचं बोलणं मला ऐकू येत होतं. ती स्वतःशीच बोलावं तशी पुढं बोलली. “तुजं हिरवं लुगडं गंगूला देऊन टाकलं बाई दहाव्याला. जोडवी बी तिलाच घातली.”

शिवकन्या उशीवरून ताठ उठून बसली.

“कोन्त्या गंगूला? चुलतीच्या? माज्या लग्नातलं लुगडं? तिनं माज्या हळदीला साधं पानी दिलं न्हाई कुनाला! तुला साऱ्या गावात दुसरं कोनी सापडलं न्हाई का? जा, आत्ताच्या आत्ता जा आन् तिच्या अंगावरून फेडून आन!”

वॉर्डातल्या बायका माना वळवून बघायला लागल्या. नर्स धावत आली. शिवकन्या थांबेना. जोडव्यांवरून सुरू झाली ती थोरल्या वहिनीपर्यंत पोचली. आणि फोनमधून, एवढ्या लांबून, म्हातारीचा आवाज आला. ती फोनवर बोलत नव्हती. दारात जाऊन गावाला हाका मारत होती.

“आगं या गं, या! गंगे, ते लुगडं धुऊन आन! माजी लेक भांडाय लागली! तीच हाय, तीच हाय ती!”